टाकणखार: तिबेटच्या तळ्यापासून रेवदंड्याच्या सोनारापर्यंत

मोबाइलवर मराठीत ‘टंकण’ शोधलं की टायपिंगची अ‍ॅप्स, कीबोर्डचे लेआउट आणि टंकलेखन परीक्षेचे फॉर्म समोर येतात. त्यात चूक काही नाही. संस्कृतात ‘टंक’ म्हणजे छिन्नी, आणि ठसा मारलेलं नाणंही. त्यातूनच टांकसाळ आली आणि कागदावर अक्षराचा ठसा उमटवायच्या कामाला टंकलेखन हे नाव मिळालं. मला मात्र दुसरं टंकण हवं होतं. पांढरं, खड्यांच्या रूपात मिळणारं, सोनाराच्या डबीत असणारं. मराठीत त्याला टाकणखार म्हणतात. कुणी सवागी म्हणतं. हिंदीत सुहागा, आणि केमिस्ट्रीच्या पुस्तकात बोरॅक्स.

माझं गाव अलिबाग आणि रेवदंडा यांच्या मधल्या किनारपट्टीवर. नोकरी पुण्यात, काम कोड लिहिण्याचं. या खाराशी माझा धंद्याचा काही संबंध नाही. पण एकदा त्याच्या मागे लागलो आणि लक्षात आलं की आमच्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच गोष्टींना तो जोडलेला आहे. सोनं, बंदर, नारळाची वाडी, घरातला आजीबाईचा बटवा. आणि या शेवटच्या ठिकाणी तो धोकादायकही आहे. म्हणून हा लेख.

ओळख आधीपासूनच आहे

कॅरम खेळला असाल तर या खाराच्या सख्ख्या भावाशी तुमची ओळख आहे. कॅरमची पावडर म्हणजे बोरिक अ‍ॅसिड. तीच पावडर कणीक आणि साखरेत मळून झुरळांसाठी गोळ्या करतात. बोरोलीन ही १९२९ साली कोलकात्यात सुरू झालेली क्रीम, तिच्या नावातला ‘बोरो’ही तोच. न फुटता गॅसवर तापणारी बोरोसिलिकेट काच, घराघरात मुलांनी बनवलेला स्लाइम, इन्सुलेशनची ग्लासफायबर, या सगळ्यांच्या मुळाशी बोरॉन नावाचं एकच मूलद्रव्य आहे. १८०८ साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही आणि पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक आणि थेनार यांनी ते वेगळं काढलं. त्याला नाव मिळालं ते बोरॅक्सवरून. म्हणजे मूलद्रव्याच्या नावाआधी कित्येक शतकं खाराचं नाव होतं.

बोरॅक्सचं रासायनिक नाव सोडियम टेट्राबोरेट डेकाहायड्रेट. यातला ‘डेका’ महत्त्वाचा आहे. प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दहा रेणू स्फटिकात अडकलेले असतात. वजनाच्या भाषेत सांगायचं तर हातातल्या कोरड्या खड्यात जवळपास ४७ टक्के पाणी असतं. तापवलं की सुमारे ७५ अंशांवर खडा आपल्याच पाण्यात विरघळायला लागतो. मग पाणी उकळून बाहेर पडतं आणि खार मुरमुऱ्यासारखा फुलतो. आणखी तापवलं, सुमारे ७४० अंशांपर्यंत नेलं, की फुललेला भाग बसतो आणि पारदर्शक काचेसारखा रस होतो. फुलणं आणि काच होणं, हे दोन गुण लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावरच आहे.

सहाणेवरचा खडा

रेवदंड्याच्या बाजारात आमच्या घरचे ठरलेले सोनारकाका आहेत. त्यांच्या बैठकीजवळ एक छोटी दगडी सहाण असते. पाण्याचा थेंब टाकून तिच्यावर टाकणखाराचा खडा उगाळायचा, चंदन उगाळतात तसा. तयार झालेलं दुधाळ पाणी बारीक ब्रशने सांध्यावर लावायचं, त्यावर डाखाचा कण ठेवायचा आणि फुंकणीने ज्योत वळवायची. डाख म्हणजे जोडायचा धातू. तो दागिन्याच्या सोन्याच्या आधी वितळला पाहिजे, नाहीतर सांधा जुळायच्या आधी दागिनाच ओघळेल.

“काका, हे लावलं नाही तर काय होईल?” मी विचारलं होतं.

“डाख पळेल की रे. गोळी होऊन बाजूला जाईल, पसरणार नाही. सोनं काळं पडलेलं असतं ना तिथे.”

काकांनी एका वाक्यात सांगितलेलं पुस्तकात असं लिहिलेलं असतं: शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं आणि हवेत तापवलं तरी त्याला काही होत नाही. पण दागिन्याचं सोनं शुद्ध नसतं. बावीस कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं आणि बाकी तांबं, चांदी वगैरे. तापल्यावर तांबं हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतं आणि पृष्ठभागावर काळा थर येतो. वितळलेला डाख त्या थराला चिकटत नाही. वितळलेला टाकणखार मात्र तांब्याचं ऑक्साइड स्वतःत विरघळवून घेतो आणि वर काचेचं पातळ झाकण धरून नवी हवा आत येऊ देत नाही. खाली स्वच्छ धातू उरतो आणि डाख त्यावर पाण्यासारखा धावतो. सोनं मुशीत वितळवतानाही चिमूटभर खार टाकतात, तो याच कारणाने. कचरा काचेत जातो, सोनं खाली राहतं.

फुलण्याचा गुण इथे अडचणीचा ठरतो. ज्योत एकदम मोठी केली की खार फुलतो आणि डाखाचा कण उडवून लावतो. म्हणून आधी हळू शेक द्यायचा, खार फुलून बसू द्यायचा आणि मगच जोराची ज्योत. काम झाल्यावर सांध्यावर उरलेली काच काढायला दागिना सौम्य आम्लात टाकतात. जुने सोनार चिंचेच्या पाण्यात उकळत.

बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये काही जणांनी हेच वेगळ्या नावाने केलं असेल: बोरॅक्स बीड टेस्ट. तारेच्या टोकावर खाराचा मणी वितळवायचा, त्यात क्षार लावायचा आणि रंग बघायचा. कोबाल्ट असेल तर गडद निळा. धातूचं ऑक्साइड काचेत विरघळतं, हा सोनाराचा अनुभव प्रयोगशाळेने रंग ओळखायला वापरला, इतकंच.

लोहारकामातही सवागी लागते. लोखंडाच्या अंगाला पोलादाची धार भट्टीत तापवून आणि घणाने ठोकून जोडायची असेल तर मधला गंज आणि खवले बाहेर काढायला तीच टाकतात. एकूण जोडकाम आणि टाकणखार यांची जोडी फार जुनी आहे.

तंगण नावाचे लोक

प्रश्न असा की हा खार येतो कुठून? कोकणात तो सापडत नाही. महाराष्ट्रातही नाही. बोरॅक्स पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे जिथे पाऊस पडतो तिथे तो टिकतच नाही. त्याला लागतं कोरडं, उंच, बंदिस्त खोरं: ज्वालामुखीच्या किंवा गरम झऱ्यांच्या पाण्यातून बोरॉन वर यावं, तळ्यात साचावं आणि पाणी उडून जाऊन खाराची साय धरावी. भारतीय उपखंडाच्या आवाक्यातला असा मुलूख म्हणजे तिबेट आणि लडाख. लडाखच्या पुगा खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, आजही गरम झऱ्यांभोवती जमिनीवर पांढरी साय धरलेली दिसते.

एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश कोशकारांनी, म्हणजे यूल आणि बर्नेल यांनी त्यांच्या १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात, ‘टिंकाल’ या व्यापारी शब्दाचं मूळ संस्कृत ‘टंकण’मध्ये दाखवलं आणि एक शक्यता मांडली: हा शब्द हिमालयातल्या एका लोकसमूहाच्या नावावरून आला असावा. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने त्यांची नोंद केली आहे आणि महाभारताच्या सभापर्वात तंगण आणि परतंगण अशी नावं आहेत. युधिष्ठिराच्या यज्ञाला हे लोक नजराणा आणतात तो ‘पिपीलिक’ सोन्याचा, मुंग्यांनी उकरून काढलेल्या सोन्याचा. व्युत्पत्ती सिद्ध झालेली नाही, ती एक शक्यताच आहे. पण सोनं आणि सोनं जोडणारा खार एकाच डोंगराळ मुलखातून मैदानात उतरत असावेत, ही कल्पना पटण्यासारखी आहे.

तिबेटातून खार येण्याची पद्धत मात्र नीट नोंदलेली आहे. मेंढ्या आणि शेळ्या. प्रत्येक जनावराच्या पाठीवर दोन लहान पिशव्या, आणि असे शेकडोंचे कळप कुमाऊं आणि गढवालच्या खिंडींमधून खाली. भोटिया व्यापारी वर धान्य न्यायचे, खाली मीठ, लोकर आणि टाकणखार आणायचे. खड्यांना तुपासारखा स्निग्ध पदार्थ लावलेला असे. कारण साधं आहे: कोरड्या हवेत खड्यातलं पाणी उडून जातं आणि त्याचा भुगा होतो. स्निग्धतेने पाणी आत राहतं. हे तेलकट खडे युरोपात पोहोचले की तिथल्या कारखानदारांना आधी ते धुवावे लागत. ही शुद्धीकरणाची विद्या बराच काळ व्हेनिसने आणि नंतर डच लोकांनी आपल्याकडे राखून ठेवली होती.

चौलचा किनारा

आता आपल्या बाजूला येऊ. रेवदंड्याला लागून असलेलं चौल म्हणजे ग्रीक-रोमन लेखकांचं सिमुल्ला. सोळाव्या शतकात हे निजामशाहीचं मुख्य बंदर होतं आणि खाडीच्या तोंडाशी रेवदंड्यात पोर्तुगीजांचा कोट होता. त्या काळात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचं जाणं-येणं होतं. हिंदुस्थानातल्या औषधी आणि मसाल्यांवर त्याने संवादरूपाने लिहिलेलं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. त्यात टाकणखारावरही लिहिलेलं आहे. युरोपात ज्याला बोरॅक्स किंवा क्रिसोकोला म्हणतात त्याला अरबीत आणि गुजरात्यांत ‘तिंकार’ म्हणतात, अशी नोंद तो करतो.

‘क्रिसोकोला’चा ग्रीक अर्थ सोन्याचा डिंक. नावातच सोनं जोडायचं काम आहे. संस्कृत टंकण, फारसी-अरबी तिंकार, पोर्तुगीज-इंग्रजी टिंकाल, असा शब्द बंदराबंदरातून पुढे सरकला. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेतल्या व्यापारातही टिंकाल होताच. आपल्या भाषेत त्याचं टाकणखार झालं आणि तो सोनाराच्या डबीत राहिला.

पुढे १६७४ साली रायगडावर शिवराज्याभिषेक झाला आणि सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली गेली. नाणं पाडायचं तर आधी धातू वितळवून त्याचा कस बघावा लागतो. त्या काळातला हिंदुस्थानी धातुकार या कामासाठी जी सामग्री हाताशी ठेवायचा त्यात क्षार असायचेच, आणि रसशास्त्राच्या ग्रंथांत टंकणाची गणना क्षारांमध्ये होते.

मेंढ्यांचा व्यापार कसा मोडला

एका वस्तूचा हजार वर्षांचा व्यापार किती पटकन संपू शकतो, हे बघायचं असेल तर टाकणखार चांगलं उदाहरण आहे. १७७७ साली इटलीतल्या टस्कनीच्या गरम डबक्यांमध्ये बोरिक अ‍ॅसिड सापडलं. १८१८ पासून फ्रान्सवा द लार्देरेल या उद्योजकाने ते मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली. पाणी आटवायला लाकूड जाळण्याऐवजी त्याने जमिनीतून येणारी वाफच वापरली. बोरिक अ‍ॅसिडमध्ये सोडा मिसळला की बोरॅक्स. युरोपला हिमालयाची गरज उरली नाही.

१८५६ साली कॅलिफोर्नियात बोरॅक्स सापडलं. १८८० च्या दशकात डेथ व्हॅलीतून वीस खेचरांच्या गाड्यांनी ते रेल्वेपर्यंत येऊ लागलं आणि त्या गाड्या नंतर साबणाच्या जाहिरातीत अजरामर झाल्या. मेंढीच्या पाठीवरच्या पिशवीची या गाड्यांशी काय स्पर्धा होणार? उरलासुरला तिबेटी व्यापार १९६२ च्या युद्धानंतर सीमा बंद झाल्यावर थांबला.

आज जगातल्या बोरॉनच्या साठ्यांपैकी बहुतांश साठा तुर्कस्तानात आहे. भारताचा साठा पुगा खोऱ्यात, तोही थोडा आणि न काढलेला. त्यामुळे आपण आयात करतो. ठाणे जिल्ह्यातल्या अंबरनाथला १९६० च्या दशकात बोरॅक्सचा कारखाना उभा राहिला. हल्ली परदेशी माल मुख्यतः कंटेनरमधून येतो, आणि देशातलं मोठं कंटेनर बंदर आहे आमच्याच जिल्ह्यात, उरण तालुक्यात, न्हावाशेवाला. ते १९८९ साली सुरू झालं.

यात एक मजा आहे. तुर्कस्तानात किर्का इथल्या खाणीतून जे खनिज निघतं त्याला तुर्की भाषेत ‘टिंकाल’ म्हणतात. आपला टंकण शब्द फारसी-अरबीतून पश्चिमेला गेला, तिथे खाणीच्या बोर्डावर लागला आणि आता मालाबरोबर परत येतो. फक्त आपण त्याला ओळखत नाही, कारण पोत्यावर इंग्रजीत बोरॅक्स छापलेलं असतं.

दिवेआगर: सोनं आणि सुपारी

श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरला टाकणखाराची दोन्ही कामं एका गावात दिसतात. सोन्याचं आणि शेतीचं.

नोव्हेंबर १९९७ मध्ये इथल्या एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली. तिच्यात सोन्याचा गणपतीचा मुखवटा आणि दागिने होते. सुवर्ण गणेशामुळे गावाचं नाव राज्यभर झालं. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, मंदिराच्या दोन रखवालदारांचा जीव गेला आणि मूर्ती पळवली गेली. पोलिसांना ती सापडली तेव्हा मूर्ती राहिलेली नव्हती, वितळवलेलं सोनं होतं. पुढे कोर्टातून परत मिळालेल्या सोन्यातून नवा मुखवटा घडवून नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याची स्थापना झाली.

ही घटना वाचताना मला सोनाराचं काम वेगळं दिसायला लागलं. सोनं वितळवलं की त्यातलं सोनं एक गुंजही नष्ट होत नाही. नष्ट होते ती घडण: कोणत्या हातांनी, कोणत्या शतकात, कुठे डाख दिला याची खूण. इतिहासकाराला हवी असते ती हीच. जुन्या दागिन्याच्या सांध्यावरून आणि डाखाच्या मिश्रणावरून तो कसा घडला हे अभ्यासक सांगू शकतात. मुशीत गेल्यावर ती माहिती संपते. दिवेआगरला सोनं परत आलं, त्या सांध्यांची साक्ष आली नाही.

दुसरं काम वाडीतलं. कोकणातल्या रेताड आणि जांभ्या जमिनीत, तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असताना, बोरॉन धुऊन जातं. तिबेटात तो का साचतो, त्याच कारणाने इथे तो टिकत नाही. माडाला बोरॉन कमी पडलं की नव्या पानांची टोकं आकड्यासारखी वळतात, पानं नीट उलगडत नाहीत, शेंडा आखडतो, कोवळी फळं गळतात किंवा नारळात खोबरंच धरत नाही. उपाय म्हणून माडाच्या आळ्यात बोरॅक्स देतात. सहसा झाडामागे ५० ग्रॅमच्या आसपास मात्रा सांगितली जाते, माती आणि झाडाचं वय बघून. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन-मुरूडच्या वाड्या आडव्या केल्या. नव्याने लावलेल्या माडा-पोफळींना वाढवताना ही सूक्ष्म अन्नद्रव्यं मोजूनमापून द्यावी लागतात. ‘मोजून’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा. बोरॉनची गरज आणि बोरॉनचं विष यांत झाडासाठी अंतर फार थोडं असतं. थोडं जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात. अमक्याने दोन मुठी टाकल्या म्हणून आपणही टाकल्या, असं इथे चालत नाही.

लाहीचा हिशेब

झाडासाठी जे खरं, ते बाळासाठी जास्तच खरं आहे.

कोकणात आणि देशावरही अनेक घरांत एक उपाय चालत आलेला आहे. बाळाला तोंड आलं की टाकणखाराची लाही मधात खलवून जिभेला चाटवायची. लाही म्हणजे तव्यावर फुलवलेला खार. गेल्या वर्षी माझ्या चुलत भावाच्या सात महिन्यांच्या मुलीला तोंड आलं तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर हाच सल्ला आला. आजीचं म्हणणं, “अगं, तुम्हा सगळ्यांना दिलीय मी. काही झालं नाही कुणाला.” वहिनी गप्प होती. तिला नाही म्हणायचं होतं, पण आजीला कसं म्हणायचं? तिने मला वेगळा मेसेज केला: “भावजी, हे खरंच चालतं का हो?”

मी डॉक्टर नाही, पण गुणाकार-भागाकार येतो. साध्या टाकणखारात वजनाच्या ११.३ टक्के बोरॉन असतं. फुलवून पाणी घालवलं की वजन घटतं, पण बोरॉन कुठेही जात नाही. पूर्ण कोरड्या लाहीत त्याचं प्रमाण साडेएकवीस टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे फुलवल्याने खार ‘शुद्ध’ झाला असं आपण म्हणतो तेव्हा निघून गेलेलं असतं ते फक्त पाणी, आणि ग्रॅमला ग्रॅम बघितलं तर लाही जास्त जहाल असते. घरच्या तव्यावर सगळं पाणी जात नाही, तेव्हा खरा आकडा या दोन टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी. आता १०० मिलिग्रॅम घेऊ. साध्या वजनकाट्यावर ते दिसतही नाही इतकं कमी. त्यात ११ ते २१ मिलिग्रॅम बोरॉन आलं. युरोपियन अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी दिवसाची कमाल मर्यादा ठरवली आहे ३ मिलिग्रॅम. एक वर्षाखालच्या बाळासाठी तर अशी मर्यादाही ठरवलेली नाही.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. ब्रिटनमध्ये बाळाच्या चोखणीला मध आणि बोरॅक्सचं मिश्रण लावायची पद्धत होती. अगदी आपल्या उपायाची बहीण. १९८३ साली एका वैद्यकीय नियतकालिकात सात बाळांची नोंद प्रसिद्ध झाली. सगळ्यांना फिट येत होत्या आणि सगळ्यांना काही आठवडे हे मिश्रण चाटवलेलं होतं. मिश्रण बंद केल्यावर फिट थांबल्या. बाळाच्या शरीरातून बोरॉन हळू बाहेर पडतं, रोज चाटवलं की ते साठत जातं. मधाची गोष्ट वेगळीच. एक वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझमच्या धोक्यामुळे मध देऊच नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात.

मग “काही झालं नाही कुणाला” हे आजीचं वाक्य खोटं का? नाही. बहुतेक वेळा बोटाला लागली तेवढीच लाही जायची, तीही दोन-तीन दिवस, आणि तोंड येणं बहुतेक वेळा आपोआप बरं होतं. पण किती दिली, किती दिवस, याचं माप कुणाकडे नव्हतं. ज्या बाळाला त्रास झाला असेल त्याच्या उलट्या-जुलाबाचं कारण दात येणं किंवा दृष्ट हेच धरलं गेलं असणार. आयुर्वेदातही टंकण वैद्याने मात्रा ठरवून द्यायचं औषध आहे, बरणीतून चिमटीने काढायचं नाही. मी आजीला फोन करून हाच आकड्यांचा हिशेब सांगितला. ती म्हणाली, “मग त्या डॉक्टरणीकडे न्या की, मी कुठे अडवतेय.” बाळाला बुरशीचा संसर्ग होता. त्याचे थेंब दिले, तो गेला.

हाताळायचं कसं

घाबरून टाकणखार फेकून द्यायची गरज नाही. त्याची धूळ उडते आणि साबणासारखाच तो पाण्याला अल्कधर्मी करतो. द्रावणाचा पीएच ९.२ च्या आसपास असतो. धड, न कापलेल्या त्वचेतून तो जवळपास आत जात नाही. जखमेतून, भाजलेल्या जागेतून आणि तोंडावाटे मात्र जातो. युरोपियन युनियनने २०१० साली त्याला विशेष काळजीच्या रसायनांच्या यादीत घातलं, कारण प्रयोगातल्या प्राण्यांना मोठ्या मात्रा दिल्यावर प्रजननावर परिणाम दिसला. तुर्कस्तानातल्या खाणकामगारांच्या अभ्यासात त्यांच्या पातळीवर असा परिणाम आढळला नाही. तरी गरोदर बाईने त्याची धूळ टाळावी, एवढी काळजी रास्तच.

पहिली गोष्ट: डबी स्वयंपाकघरात ठेवू नका. खायचा सोडा, पापडखार, तुरटी, नवसागर आणि टाकणखार, सगळे पांढरे. डोळ्यांना फरक कळत नाही. डबीवर मराठीत मोठ्या अक्षरांत नाव आणि ‘खाण्यासाठी नाही’ असं लिहा. झुरळांच्या गोळ्या गोड असतात, म्हणून रांगत्या मुलाच्या आणि मांजराच्या हाती लागणार नाहीत अशाच जागी ठेवा. स्लाइम करायचं असेल तर बोरॅक्सचं द्रावण मोठ्या माणसाने करावं, मुलांनी खेळून झाल्यावर हात धुवावेत, आणि हाताला कापलेलं असेल तर खेळूच नये. वाडीत खार टाकताना नाकाला फडकं बांधा, वाऱ्याच्या दिशेला उभे राहू नका आणि वजनकाटा वापरा.

अन्न टिकवायला बोरॅक्स घालायची परवानगी भारतात नाही. एकेकाळी जगभर मांस आणि मासळीला ते लावत. १९०२ साली अमेरिकेत हार्वे वायली या रसायनशास्त्रज्ञाने तरुण स्वयंसेवकांना जेवणातून मुद्दाम बोरॅक्स देऊन परिणाम तपासले. त्यांची भूक गेली, पोटं बिघडली, डोकं दुखायला लागलं. अन्नभेसळीविरुद्धच्या कायद्याला बळ देणाऱ्या प्रयोगांपैकी तो एक.

आणि चुकून पोटात गेलाच तर: उलटी काढायचा प्रयत्न करू नका, तोंड धुवा, डबी किंवा पाकीट बरोबर घ्या आणि सरळ दवाखाना गाठा. उलट्या, जुलाब, अंगावर भाजल्यासारखी लाली, सुस्ती आणि लहान मुलांत फिट ही लक्षणं आहेत. त्यावर उतारा असं औषध नाही. त्रास जास्त असेल तर डायलिसिस करून बोरॉन काढावं लागतं. म्हणून वेळ महत्त्वाचा.

परवा सोनारकाकांच्या दुकानात त्यांचा मुलगा काम करताना दिसला. ज्योत आता गॅसची आहे, फुंकणी भिंतीला टांगलेली आहे. कॅडमियमचा डाख त्यांनी बंद केलाय, त्याचा धूर फुप्फुसाला वाईट म्हणून. सहाण मात्र तीच आहे, मधोमध खोलगट झालेली. तिच्यावर पाण्याचा थेंब पडला, खडा फिरला आणि बारीक ब्रश दुधाळ पाण्यात बुडाला. शेजारी टाकणखाराची डबी होती, झाकण घट्ट लावलेली. चहाचा कप तिच्यापासून हातभर लांब.